गाविलगड बघायचा तर अर्धा दिवस द्या

चिखलदऱ्याला येणाऱ्या गाड्यांचा दिवस ठरून गेलेला असतो. देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड, मोझरी, मग जेवण, आणि घाट उतरायच्या आधी वेळ उरला तर ‘तो किल्ला’. चार-साडेचारला माणसं गाविलगडावर पोचतात, दरवाजात फोटो काढतात, पहिल्या तळ्यापर्यंत रेंगाळतात आणि ‘पडके दगडच तर आहेत’ म्हणत परततात. तासाभराच्या अशा भेटीला पाचपैकी दोन गुण पुरे झाले. हाच किल्ला सकाळी, चार तास हातात ठेवून, चालण्याचा क्रम नीट धरून पाहिला तर त्याला साडेचार द्यावे लागतात. अर्धा गुण कुठं कापला ते पुढं येईलच.

आधी पोचण्याचं. अमरावतीहून परतवाडा साधारण ५० किलोमीटर, तिथून चिखलदरा ३० च्या आसपास. रेल्वेनं येणाऱ्यांना मुंबई-हावडा मार्गावरचं बडनेरा सोयीचं. तिथून अमरावती, आणि अमरावतीहून एसटी. परतवाड्यानंतर वर चढायला दोन रस्ते आहेत. धामणगाव गढीवरून जाणारा जवळचा, पण चढ उभा आणि वळणं एकामागून एक. घटांगवरून जाणारा लांबचा, जंगलातून जाणारा, चढ मात्र सावकाश. नवखा चालक, गच्च भरलेली गाडी किंवा पावसाळ्यातलं धुकं, यांपैकी काहीही असेल तर घटांगचाच रस्ता घ्यावा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी. पाय सतत ब्रेकवर ठेवला की ब्रेक तापतात आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर त्यांची पकड ढिली पडते. घाटातले बरेच अपघात चढताना नाही, उतरताना होतात ते यामुळंच.

चिखलदरा गावातून किल्ला दोनेक किलोमीटर आहे. गाडी जाते, पण पाय धड असतील तर चालत जावं. पठारावरून किल्ल्याकडं चालत गेलं की तो कसा वसला आहे हे पायांना कळतं, आणि गाविलगडाचं सगळं गणित त्याच्या जागेतच आहे. हा भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलाला लागून आहे. शुल्क आणि वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याआधी गावातच चौकशी करून घ्यावी आणि सुटे पैसे जवळ ठेवावेत. किल्ल्यावर पिण्याचं पाणी मिळेल असं धरूच नये. तळी आहेत, पाणीही असतं, पण ते प्यायचं नाही. माणशी दोन लिटर पाणी खांद्यावर हवं, उन्हाळ्यात तीन. रिकाम्या बाटल्या परत आणायच्या, हे वेगळं सांगायला नको.

आत शिरण्याआधी पाच मिनिटं थांबून नकाशा डोक्यात बसवावा. सातपुड्याची एक सोंड चिखलदऱ्याच्या पठारातून दक्षिणेकडं पुढं आली आहे आणि तिच्या टोकाला कडे थेट वऱ्हाडाच्या मैदानाकडं उतरतात. किल्ला या सोंडेवर आहे. दक्षिणेकडचा कातळ सगळ्यात उभा, तिथं निसर्गानंच तट बांधून दिला. कमजोर बाजू एकच, उत्तरेची. तिथं किल्ल्याची जमीन आणि पठाराची जमीन जवळपास एका पातळीत येते. म्हणून बांधणाऱ्यांनी सगळा जोर उत्तरेला लावला. दक्षिणेकडं तोंड करून असलेला आतला किल्ला, त्याला उत्तरेकडून आणि वायव्येकडून कवेत घेणारा बाहेरचा किल्ला, आणि त्याच्याही पुढं उत्तरेची वाट अडवणारी तिसरी भिंत. तुम्ही चिखलदऱ्याहून येता ते याच बाजूनं. म्हणजे एकेकाळी शत्रू जिथून यायची भीती होती, बरोबर तीच वाट आज पर्यटकांची आहे. हे लक्षात ठेवून चाललं की प्रत्येक दरवाजा इथंच का, असाच का, याचं उत्तर आपोआप मिळत जातं.

नावाबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. या डोंगरात गवळ्यांची वस्ती पूर्वापार, त्यांचा हा गड, असं इथली परंपरा सांगते, आणि आजही चिखलदऱ्याच्या परिसरात मोथ्यासारख्या गावांत गवळी लोक म्हशी राखून आहेत. दगडी किल्ल्याचा इतिहास मात्र बहामनी काळापासून हाताला लागतो. फिरिश्ता या इतिहासकारानं सुलतान अहमदशाह वली बहामनी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूरला, मुक्कामाला असताना त्यानं गाविलगड बांधला आणि नरनाळा किल्ल्याची दुरुस्ती केली असं लिहून ठेवलं आहे. साल १४२५ च्या सुमाराचं. कारणही सरळ आहे. माळव्याचं आणि खानदेशचं सैन्य वऱ्हाडात उतरायचं ते सातपुड्याच्या खिंडींतून, आणि या खिंडींवर नजर ठेवायला डोंगरावरच ठाणं हवं होतं.

पण आज आपण जे कोरीवकाम बघतो त्याचा खरा धनी फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. हा माणूस जन्मानं विजयनगरच्या मुलखातला हिंदू. लढाईत लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला, बहामनी चाकरीत चढत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन त्यानं इमादशाही सुरू केली. त्याच्या दोन वर्षं आधी, १४८८ मध्ये, त्यानं गाविलगडाची मोठी डागडुजी केली. फ्रान्समधले राजे जाड तटबंदी सोडून मोठ्या खिडक्यांचे, बागांचे महाल बांधू लागले ते साधारण याच पिढीनंतर. शांबोरचा प्रसिद्ध महाल १५१९ ला सुरू झाला. वऱ्हाडात तेव्हा तटबंदी सोडण्याची सोय नव्हती, म्हणून इथल्या हौशी माणसानं आपली हौस दरवाजावर कोरली.

ती हौस दिल्ली दरवाजावर दिसते, आणि इथं घाई करणाऱ्यानं किल्ला पाहिलाच नाही असं समजावं. दरवाजावरच्या शिल्पात वाघ-सिंहासारखे पशू आहेत, झाडं आहेत, आणि हत्तींना पकडून ठेवणारा दोन डोक्यांचा पक्षी आहे, तो गंडभेरुंड. गंडभेरुंड ही विजयनगरकडची खूण. वऱ्हाडातल्या एका मुसलमान सरदाराच्या दरवाजावर ती कशी आली, तर अभ्यासकांनी तिचा धागा फतहुल्लाच्या जन्माशी जोडला आहे. घर सुटलं, धर्म बदलला, नाव बदललं, आणि साठ-सत्तर कोसांवर नव्हे, पार दुसऱ्या मुलखात सत्ता हाती आल्यावर त्यानं आपल्या दारावर लहानपणीच्या राज्याचा पक्षी बसवला. आमच्या मते संपूर्ण विदर्भात एवढं बोलकं दुसरं दगडी चित्र नाही.

हे शिल्प नीट बघायची एक युक्ती आहे. ते उंचावर आहे, दगड काळवंडला आहे, त्यामुळं समोरून उभं राहून मोबाइलचा फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं आणि फोटोत फक्त एक डाग येतो. त्याऐवजी सोबतच्या माणसाला बाजूला उभं करून टॉर्चचा उजेड भिंतीला लागून तिरपा टाकायला सांगावा. उजेड आडवा गेला की प्रत्येक उठावाची सावली पडते आणि चोची, नखं, सोंडा वेगवेगळ्या दिसू लागतात. छोटी दुर्बीण असली तर फारच उत्तम. शिल्पावर हात फिरवू नये, खडूनं किंवा पाण्यानं ‘उठाव आणू’ नये. पाणी दगडाच्या भेगांत मुरतं आणि पोपडे सुटतात.

दरवाजांच्या या मालिकेतून जाताना आणखी एक गोष्ट पाहावी. वाट कुठंही सरळ जात नाही. एका दरवाजातून आत आलं की समोर भिंत, मग वळण, मग दुसरा दरवाजा, आणि वळणावर दोन्हीकडून वरच्या तटाची नजर. यामागं दोन हेतू. हत्तीला किंवा ओंडक्याला दार फोडायचं तर सरळ धाव लागते. वळणावर ती मिळत नाही. आणि पहिला दरवाजा पडला तरी आत आलेला माणूस अरुंद जागेत अडकतो, वरून त्याच्यावर मारा करता येतो. मागं वळून वर बघितलं की जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी ठेवलेली तिरपी भोकं, नेमक्या आपण उभे आहोत त्या जागेकडं रोखलेल्या दिसतात. लहान मुलांना हे एकदा दाखवलं की पुढचा सगळा किल्ला तीच तुम्हाला फिरवून आणतात.

इथंच १८०३ ची गोष्ट जागेवर लावून पाहावी. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावजवळ दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि तिथून निसटलेलं पायदळ गाविलगडावर आलं. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, जो पुढं वॉटर्लूच्या लढाईमुळं जगाला माहीत झाला, तो दक्षिणेच्या पायथ्याशी आला. त्यानं किल्ला बघितला आणि खालून चढणं व्यर्थ आहे हे ओळखलं. दक्षिण दरवाजाची वाट लांब आणि इतकी उभी की फक्त माणूस चढेल. वायव्येच्या दरवाजाची वाट पश्चिमेच्या अंगानं वळसा घालून जाते, अरुंद आहे, दोन्हीकडं कातळ तासलेला, आणि कितीतरी अंतर किल्ल्याच्या माऱ्याखाली. उरली उत्तर. पण उत्तरेला पोचायचं तर एलिचपूरहून डोंगरातून जवळपास ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटरचा फेरा.

तो फेरा कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीनं मारला. ७ डिसेंबरला निघून १२ ला ते उत्तरेच्या लबाडा गावाशी पोचले. वाट नव्हती, ती आधी करावी लागली. जड तोफा आणि दारूगोळा जवळजवळ सगळं अंतर माणसांनी हातानं ओढून नेला. आज घटांगच्या रस्त्यानं चढताना खिडकीबाहेर बघितलं की या पाच दिवसांचा अंदाज येतो. १३ ला सकाळी तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला चढून जाता येईल एवढी खिंडारं पडली. १५ डिसेंबरला सकाळी दहाच्या सुमारास हल्ला झाला. दक्षिण आणि वायव्य या दोन्ही दरवाजांवर त्याच वेळी तुकड्या पाठवल्या होत्या, किल्ल्यावरच्यांचं लक्ष फाटावं म्हणून.

आता खरी मेख. बाहेरचा किल्ला पडला, पण आतल्या किल्ल्याच्या भिंतीला खिंडार पडलंच नव्हतं. दोन किल्ल्यांमधल्या दरवाजावर काही प्रयत्न फसले. मग भिंतीवर शिड्या लावता येतील अशी एक जागा सापडली. ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल आपल्या हलक्या पायदळासह तिथून चढला, आत उतरला आणि त्यानं दार उघडलं. किल्ला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला, आणि वेगवेगळ्या दरवाजांशी किल्ल्यावरची माणसं मोठ्या संख्येनं पडली. ज्या वळणदार दरवाजांनी शत्रूला अडवायचं होतं त्याच अरुंद जागांत पळणारी माणसं अडकली. आतल्या तटाच्या कडेनं चालताना हे आठवलं की पावलं जपून पडतात. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, भोसल्यांनी देवगावचा तह केला. किल्ला इंग्रजांनी ठेवला नाही. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडं परत आले.

गाईड म्हणून मिळणारे काही जण ही लढाई ‘फितुरीनं दार उघडलं’ अशी सांगतात. तसं झालं नाही. उत्तरेची बाजू सपाट होती, आणि समोरच्यानं ४८ किलोमीटर तोफा ओढण्याची तयारी दाखवली, म्हणून किल्ला गेला. बेनीसिंग आणि त्याची माणसं शेवटपर्यंत लढली. त्यांच्या वाट्याला उगाच फितुरीचा डाग येऊ नये, म्हणून एवढं ठासून सांगावंसं वाटतं.

आत आल्यावर पाण्याकडं बघावं. देव तलाव, खान तलाव, मछली तलाव, धोबी तलाव, लेंडी तलाव ही नावं ऐकायला येतात, आणि या नावांतच कामाची वाटणी आहे: पूजेचं पाणी वेगळं, कपड्यांचं वेगळं, जनावरांचं वेगळं. तळं कुठं खोदलं आहे ते बघितलं तर दिसतं की चहूकडचा उतार त्याच्याकडं वाहतो. पावसाचं पाणी वाहून कड्याखाली जाण्याआधी अडवायचं, ही युक्ती. पाणी नसेल तर इतक्या मोठ्या किल्ल्याला वेढा सोसवणार नाही. अकबराच्या काळच्या आईन-ए-अकबरीत गाविलला जवळपास तोड नसलेला मजबूत किल्ला म्हटलं आहे, आणि इथल्या एका झऱ्याचा खास उल्लेख आहे: त्याच्या पाण्यात पोलादी शस्त्रांना पाणी देत. ‘तलवारीला पाणी देणं’ हा आपला शब्दप्रयोग इथं अक्षरशः खरा होता.

मोठी मशीद उंचावर आहे आणि तिची वाट बऱ्यापैकी रुळलेली आहे. समोरच्या बाजूला सात कमानी, आत घुमटांच्या रांगा, त्यातला काही भाग कोसळलेला; कोपऱ्यावरच्या छत्रीची दगडी जाळी आवर्जून बघावी. सात कमानींची लय बघायची तर थेट पायरीशी जाऊ नये. समोरच्या मोकळ्या जागेत तीस-चाळीस पावलं मागं सरावं, तिथून ती पूर्ण उमटते. कोसळलेल्या भागाखाली उभं राहू नये, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात. चुन्याच्या जोडांत पाणी मुरून दगड सैल झालेला असतो, आणि ऊन पडू लागल्यावर तो सुटतो.

इमारती का पडतात याचं उत्तर इथं डोळ्यांसमोर आहे. पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-उंबराचं बी भेगेत पडतं, मुळं चुना खात आत शिरतात आणि जाड होत दगड ढकलतात. वरचं झाड तोडून टाकलं की काम झालं असं वाटतं, पण मूळ आतच राहतं. ते पुन्हा फुटतं, किंवा कुजून आत पोकळी करतं आणि तिथून पाणी शिरतं. म्हणून भिंतीवरचं रोप कुणी हौसेनं उपटू नये. ओढताना दगडही हातात येतो. बाकी मोडतोड माणसांनी केली. १८५८ मध्ये तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात आले होते, ते किल्ला ताब्यात घेतील या धास्तीनं इंग्रजांनी गाविलगड निकामी करून टाकला. ज्या किल्ल्यासाठी त्यांनी एवढ्या तोफा ओढल्या, तो पंचावन्न वर्षांनी त्यांनीच मोडला.

एवढं बघून बहुतेक लोक परत फिरतात. पुढचं ज्यांना बघायचं त्यांनी माहीतगार सोबत घ्यावा. नैर्ऋत्येकडचा पीर फत्ते दरवाजा आणि पश्चिमेच्या अंगाचा बुरुज-ए-बहराम, या दोन्ही जागा गवतातून आणि झुडपांतून जाणाऱ्या वाटांवर आहेत. बुरुज-ए-बहरामवर १५७७ चा फारसी शिलालेख आहे. इमादशाही १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं गिळली. त्यानंतर निजामशाहीचा बहरामखान इथं होता, त्यानं दुरुस्ती करून आपलं नाव कोरलं. म्हणजे तीन घराण्यांची सही एकाच किल्ल्यावर: बहामनी, इमादशाही, निजामशाही. नंतर मुघल आले, मग भोसले. दिल्ली दरवाजावर चित्र आहे आणि या बुरुजावर अक्षर आहे. दोन्ही बघितल्याशिवाय गाविलगड पुरा होत नाही, असं आमचं म्हणणं.

माहीतगार गावातच विचारावा. परिसरातले कोरकू तरुण या वाटा तळहातासारख्या ओळखतात. ‘भाऊ, पीर फत्ते दरवाजापर्यंत नेता का, किती घ्याल?’ असं आधीच मोकळेपणानं ठरवून घ्यावं, आणि ठरलेल्यात घासाघीस करू नये. वाट दाखवणं, गवतात काठी आपटत पुढं चालणं आणि वेळेत परत आणणं हे कष्टाचं काम आहे. मोबाइलच्या नकाशावर विसंबून एकट्यानं जाऊ नये. दरीच्या कडेला रेंज दगा देते, आणि नकाशावर जी पाऊलवाट सरळ दिसते ती जागेवर गवतात हरवलेली असते किंवा कड्यावर जाऊन संपते. दक्षिणेच्या तटावर कठड्याचा भरवसा धरू नये. फोटोसाठी पाय बाहेर सोडून बसणं तर मुळीच नको.

हंगामाचं सांगायचं तर ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी सगळ्यात चांगला. पावसाळ्यात किल्ला देखणा दिसतो, धबधबे, धुकं सगळं आहे, पण दोन अडचणी. धुक्यात दहा पावलांवरचं शिल्प दिसत नाही, आणि शेवाळलेल्या काळ्या दगडावर रबरी चपलेचा पाय हमखास घसरतो. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घालावेत, आणि उतरताना पाऊल आडवं टाकावं. पावसानंतर लगेच गवत कमरेच्या वर जातं, साप दिसत नाही. म्हणून नोव्हेंबरपर्यंत थांबलेलं बरं. एप्रिल-मेमध्ये नऊच्या आत शिरून अकराच्या आत बाहेर पडावं. बिडी-सिगारेट पेटवायची नाही. सागाच्या वाळक्या पानांना एक ठिणगी पुरते.

कमानीच्या आतल्या बाजूला वर बघायची सवय लावावी. जुन्या इमारतींत आग्या मोहोळ असू शकतं. धूर, उग्र अत्तर, मोठा आवाज आणि ड्रोनची घरघर यांनी ते उठतं. उठलंच तर पाण्यात उडी मारायची नाही, हात झाडायचे नाहीत. डोकं-तोंड कापडानं झाकून, ओरडाआरडा न करता, लांब पळायचं. अस्वल हे मेळघाटातलं दुसरं भान. पहाटे आणि संध्याकाळी ते वावरतं, म्हणून उशिराची भेट नुसती अपुरी नाही, धोक्याचीही आहे. चौघं-पाच जण बोलत चाललेले बरे. एकट्यानं झुडपात शिरणं नको.

आता तो कापलेला अर्धा गुण. जागेवर मिळणारी माहिती अगदीच अपुरी आहे. शिल्पात काय आहे, कोणत्या भिंतीचं काय काम होतं, १८०३ ला शिड्या का लावाव्या लागल्या, हे सांगणारं काही हाताशी नसतं, आणि मग कीचकवधापासून राण्यांच्या उड्यांपर्यंत सगळं एकाच दमात सांगणाऱ्यांचं फावतं. कीचकाची कथा चिखलदऱ्याची आहे, दरीची आहे; ती किल्ल्यावर चिकटवू नये. स्वच्छतागृहाची सोय गावातच उरकून निघावं, बायकांनी आणि वडीलधाऱ्यांनी तर नक्कीच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी दिल्ली दरवाजापर्यंत यावं, सावकाश बघावं आणि तिथूनच फिरावं. त्यांची भेट वाया जाणार नाही.

दुसरा दिवस हाताशी असेल तर फतहुल्लाचाच माग धरावा. नरनाळ्याचा महाकाली दरवाजा त्याच्याच कारकिर्दीतला, १४८७ चा, म्हणजे गाविलगडाच्या डागडुजीच्या एक वर्ष आधीचा; अकोटकडून शहानूरवरून वर जावं लागतं. तिथं पशुपक्ष्यांपेक्षा अक्षरं, कमळं आणि दगडी जाळ्यांचे सज्जे जास्त, आणि दोन दरवाजे लागोपाठ पाहिले की त्याच माणसाची दोन तोंडं बघितल्यासारखं होतं. नरनाळा एवढा लांब पडत असेल तर परतीच्या वाटेवर अचलपूरला हौज कटोरा आहे: गोल हौदाच्या मधोमध उभी असलेली अष्टकोनी मजल्यांची इमारत, गावापासून जवळच. अर्धा तास पुरतो.

खाण्यापिण्याचं जास्त सांगण्यासारखं नाही. गावात झुणका-भाकर, पिठलं, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा मिळतो. सांगून ठेवलं तर चुलीवरचं गरम मिळतं, म्हणून किल्ल्यावर जाताना सांगून जावं आणि परतायची वेळही सांगावी. थंडीत परिसरात पिकणारी स्ट्रॉबेरी मिळते. मोथ्याकडून उतरत असाल तर खवा घ्या, पण डबा घरून न्या आणि त्याच दिवशी संपवा. घाट उतरून मैदानात आलं की उन्हानं तो आंबतो. सकाळी साडेसातला किल्ल्यात शिरलं तर साडेअकरापर्यंत बाहेर, एकपर्यंत जेवण, आणि दोनला निघालं की धुकं उतरायच्या आत, उजेडी, परतवाड्याला पोचता येतं.